बालरथाच्या चालकावरचा आळ

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. चूक माझी नव्हती, पण लाजेने अर्धमेला झालेला माणूस इतक्या जवळून पाहिला, की त्यातली थोडी लाज मलाही लागली बघा.

तेव्हा मी गोव्यात, पेडणे तालुक्यात पोलीस उपनिरीक्षक होते. हळर्णच्या बाजूच्या गावातला एक गृहस्थ तक्रार घेऊन आला. आईला गाडीतून नेताना उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडी बांधावर आदळली, म्हातारीचा हात मोडला. "ब्रेक नवे होते, मॅडम. शेजाऱ्यान पाईप कापलो," तो ठासून सांगत होता. दोघांत कुंपणावरून जुनं भांडण. त्यात नाक्यावरच्या दुकानदाराचा फोन आला: आदल्या दिवशी शेजारी त्या गाडीखाली वाकलेला दिसला होता.

हा शेजारी शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवायचा. मुलांची ने-आण करणाऱ्यावर ब्रेक तोडल्याचा संशय! लगेच निम्म्या आयांनी मुलं रिक्षाने पाठवली. गुन्हा नोंद झाला असता तर त्याची नोकरीच गेली असती.

त्याला जबाबाला बोलावलं. "गाडीखाली कशाला गेला होता?"

"माझी कोंबी थंय अंडी घालता, मॅडम. अंडा काढूक गेल्लंय. इश्वास नसलो तर तिचो जबाब घेवा."

हवालदार हसला. शेजारी मात्र हसला नाही.

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. चाकाजवळचा रबरी पाईप टोकाशी फाटलेला. "कापला असता तर कड साफ दिसली असती. हा ताण बसून फाटलाय," ते म्हणाले. मी तक्रारदाराला विचारलं, नवे ब्रेक कुठे बसवले? म्हणाला, म्हापशात. कुठल्या गॅरेजात? तिथे मात्र अडखळला.

पुन्हा विचारायला त्याच्या घरी गेले, तर अंगणात आवाज चढवला. "उद्या देवळात गाऱ्हाणा घालतंय! ज्येच्या हातान ह्या झाला, त्येचा घर बसांदे!" आमच्याकडे देवापुढे असं गाऱ्हाणं पडलं की ते खऱ्या दोषीला शोधत जातं, अशी लोकांची श्रद्धा. दाराआड उभी असलेली त्याची बायको धावत बाहेर आली.

"नको, नको! आमच्याच चेडवाचेर येतला!"

चेडू म्हणजे त्यांची शाळकरी मुलगी. मी बायकोला स्वयंपाकघरात नेलं, पाणी दिलं. मग तिने सगळं सांगितलं. नवऱ्याने मोबाईलवर बघून अंगणातच ब्रेकचे पॅड बदलले होते. चाकाजवळचा जड लोखंडी भाग सोडवून तसाच रबरी पाईपवर लोंबकळत ठेवला आणि जेवायला आला. "सुतळेन बांधून तरी ठेवा म्हटलंय, तर माका म्हणतत, तू चुलीवरचा हुमण ढवळ!"

बाहेर नवरा पायरीवर बसला होता. मघाचा आवाज गेला कुठे कोण जाणे. "आवयक कसा सांगू, तुझो हात माझ्यामुळे मोडलो म्हणान?" एवढंच बोलला आणि तोंड झाकून घेतलं.

त्याचा जबाब नव्याने घेतला. खोट्या तक्रारीला शिक्षा असते, हेही समजावलं. पण शिक्षेऐवजी शेजाऱ्याने एकच मागणं केलं. "बालरथाच्या थांब्यार येऊन सांगांदे. पोरांच्या आवयांसमोर."

सकाळी मीही गेले. तक्रारदार जमिनीकडे बघत पुटपुटला, "पाईप माझ्याच हातान बिघडलो. ह्येचो दोष ना."

मागून एक बाई ओरडली, "आयकूक येना रे!"

त्याला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. मग त्याने आपल्या मुलीचा हात धरून तिला बालरथात चढवलं. शेजाऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मुलीला मात्र म्हणाला, "बस गो बाय, दांडो घट धर." तिच्या मागून बाकीची मुलं चढली.

नोकरीत चोर, दारुडे, मारामाऱ्या करणारे खूप पाहिले. पण घरच्यांसमोर लहान व्हायच्या भीतीने साधा माणूस दुसऱ्याची भाकरी हिसकावायला निघतो, हे मी त्या अंगणात शिकले. त्यानंतर तक्रारदाराचा आवाज फारच चढला, की मी त्याच्याकडे नाही, त्याच्या घरच्यांच्या तोंडाकडे बघायचे.