झाकून ठेवलेला वाटा

माझी ती पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. जागेचं नाव सांगायची परवानगी नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला ते नकाशात सापडणार नाही. आम्ही अकरा जण होतो. पोस्ट कमांडर सुभेदार साहेब हरियाणाचे. मी हुद्द्याने नाईक, देवासचा, आणि स्टोअर माझ्या ताब्यात. म्हणजे पीठ, डाळ, डबाबंद भाजी आणि के-ऑइल. के-ऑइल म्हणजे तुमचं रॉकेल.

सिव्हिलियन लोकांना रेशन म्हटलं की कंट्रोलचं दुकान आठवतं. लाइनीत उभं राहायचं, तांदळात खडे निघाले की दुकानदाराला शिव्या घालायच्या आणि घरी जायचं. फौजेत तसं नाही. माणसामागे किती, हे ठरलेलं असतं. त्याला स्केल म्हणतात. हातात पडतं तो इश्यू. माल कमी पडू लागला की साहेब ‘हाफ स्केल’ म्हणतात आणि विषय संपतो. पोस्टवर जितकी माणसं, ती स्ट्रेंग्थ. जितकी स्ट्रेंग्थ, तितके वाटे.

त्या उंचीवर डाळ-पीठ कमी पडलं तरी माणूस तग धरतो. रॉकेल संपलं तर प्यायला पाणीही मिळत नाही, कारण पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ. म्हणून रोज सकाळी सात वाजता मी माप घेऊन बसायचो आणि सगळे माझ्या हाताकडे बघायचे.

लान्स नाईक अनंत मोहिते धारचा. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून देवासला आले. मोहित्याचं घराणं मात्र कित्येक पिढ्या धारला. त्याचं जुन्या वळणाचं मराठी ऐकून मी त्याला ‘सरकार’ म्हणायचो. तो मला ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणायचा. जेवायच्या वेळी तो विचारायचा, “आज किती पानं?” बाहेर उणे तीस, हातात अॅल्युमिनियमचा मेसटिन, आणि ह्याची पानं! कोणी ड्यूटीवर असला की म्हणायचा, “त्याचं पान झाकून ठेव.” आमच्याकडे ताट म्हणायचे एवढाच फरक. वडील सेकंड शिफ्टहून येईपर्यंत आई त्यांचं ताट झाकून ठेवायची आणि आम्ही भावंडं कितीही भुकेली असलो तरी त्याला हात लावायची हिंमत नव्हती.

पोस्टवर तोच रिवाज पडला. बाहेर गेलेल्याचा वाटा वेगळा काढून झाकायचा, मग तो वरणाचा असो की रॉकेलचा. “ढका हुआ है” म्हटलं की सुभेदार साहेबसुद्धा तिकडे बघत नसत.

त्या हिवाळ्यात एकदा खराब हवेमुळे नऊ दिवस झाले तरी मालाचं हेलिकॉप्टर आलं नव्हतं. आम्ही हाफ स्केलवर होतो, माणशी अर्धा लिटर. त्यात खालच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली. सकाळी नऊ वाजता मोहिते, शिपाई रामेश्वर आणि आणखी एक जवान लाइन जोडायला निघाले.

“भिया, माझं पान झाकून ठेव. दोन बजेपर्यंत येतोच.”

“सरकार, हाफ स्केल आहे. पान कसलं, द्रोण म्हणा.”

तो हसला आणि गेला. अकरा चाळीसला रेडिओवर रामेश्वरचा आवाज आला.

“साहब, स्लाइड आया है. मोहिते नहीं दिख रहा. ओवर.”

“रस्सी?”

“टूट गयी, साहब. ओवर.”

पाच दिवस आम्ही शोधलं. उजाडल्यापासून संध्याकाळी पाचपर्यंत, बर्फात रॉड खुपसत. रामेश्वर परत यायलाच तयार नसायचा. ओढून आणावा लागे. आणि मी रोज सकाळी अकरा मापं भरत होतो. अकरावं माप पाच लिटरच्या कॅनमध्ये ओतायचं आणि वर गोणपाट टाकायचं.  

सहाव्या दिवशी खालून ऑर्डर आली. सर्च बंद. त्याच सकाळी रामेश्वरचे बूट काढले तर दोन्ही पाय पांढरेफटक, लाकडासारखे टणक. रेडिओवर डॉक्टर साहेब म्हणाले, “पैर गुनगुने पानी में रखो. टेंट गरम रखो. दोबारा जमे तो काटने पड़ेंगे.” हवा उघडून हेलिकॉप्टर यायला तीन-चार दिवस लागणार होते.

“तेल कितना है?” सुभेदार साहेबांनी विचारलं.

“दो दिन का, साहब.”

त्यांची नजर गोणपाटाकडे गेली.

“वो ढका हुआ है, साहब,” मी म्हणालो.

ते हुकूम देऊ शकले असते, पण दिला नाही. मला त्यांचा राग आला. त्यांनी सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. तो कॅन उघडायचा म्हणजे मोहिते परत येणार नाही हे माझ्या तोंडाने म्हणायचं. ते माझ्याच्याने होत नव्हतं.

तेवढ्यात रामेश्वर म्हणाला, “उस्ताद, मोहिते का मत खोलना. मेरा चल जाएगा.”

मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मग गोणपाट बाजूला केलं आणि कॅन उचलला.

“साहब,” मी म्हणालो, “स्ट्रेंग्थ दस.”

सुभेदार साहेबांनी टोपी काढली. मी स्टोव्ह पेटवला.

आम्ही बाकीच्यांनी आपलं दोन दिवसांचं ओढूनताणून पुरवलं. एका तंबूत दहा जण झोपलो. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला हेलिकॉप्टर आलं आणि रामेश्वर खाली गेला.

मोहिते जुलैमध्ये सापडला. पुढच्या सुटीत मी धारला त्याच्या घरी गेलो. काकासाहेब, म्हणजे त्याचे वडील, थोडंच बोलले. काकूंनी मात्र सगळं विचारलं. तो निघाला कधी, जेवला होता का, शेवटी काय म्हणाला. मी झाकून ठेवलेल्या वाट्याचं सांगितलं.

“मग तो कुणाला दिलात?”

“रामेश्वरला, काकू. पाय वाचवायचे होते.”

“वाचले?”

“दोन बोटं गेली. चालतो.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. 

“चांगलं केलंत,” त्या म्हणाल्या. “आम्हाला विचारलं असतंत तर आम्हीही हेच सांगितलं असतं.”

लान्स नाईक अनंत मोहिते, राहणार धार, वय एकोणतीस. त्याच्या वाट्याचं रॉकेल चार दिवस पुरलं.