झाकणावरची रांगोळी

अक्का कुणाच्याही घरी आली की आधी तिची टाच बोलायची. फाटक उघडून ती थेट अंगणातल्या संपापाशी जाई, लोखंडी झाकणावर टाच दाबून बघे आणि मगच "कशी आहेस ग?" विचारी. संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या बनशंकरीत नळाला पाणी दिवसाआड येई, त्यामुळे संप घरोघरी. पाणी आलं की किती भरलं ते बघायला झाकण उघडायचं, ही सगळ्यांचीच सवय. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या मला ही शेजारीण भारीच आगाऊ वाटली. गल्लीने तर तिला झाकणअक्का नाव ठेवलं होतं. "ठेवा की. नावाने तरी झाकण आठवेल," ती म्हणायची.

कुणाकडे सरबताच्या बाटलीत रॉकेल दिसलं, की ती बाटलीच उचलून घरी न्यायची. पण तिचा खरा हट्ट रांगोळीचा. रांगोळी दारात नाही, संपाच्या झाकणावर काढायची. लक्ष्मी दारातून येते, असं सासूबाई कुरकुरल्या. "येऊ दे की. स्वल्प वाकडी वाट करेल," अक्का म्हणाली. रांगोळीला बसलं की झाकण हाताखाली येतं, आणि ती विस्कटलेली दिसली की कुणीतरी झाकण हलवलंय हे कळतं. हळूहळू सगळी गल्ली झाकणावर रांगोळी काढू लागली. तिच्या स्वतःच्या घरी मात्र रांगोळी कुठेच नसे. सवाष्णीचं दार असं ओकंबोकं, म्हणून बायका कुजबुजत.

एका सकाळी ह्यांनी झाकण उघडलं आणि फोन वाजला म्हणून आत गेले. आमची सई नुकती चालायला लागली होती. ती दिसेना म्हणून मी धावत बाहेर आले, तर अक्का संपाच्या तोंडाशी फतकल मारून बसलेली, सईला पोटाशी घट्ट धरून. ती ओरडली नाही. ह्यांनी झाकण लावेपर्यंत उठलीही नाही. मी दिलेला चहा निवत ठेवून म्हणाली, "माझा सीनू एवढाच होता. पाणी आलेलं, झाकण उघडं. मी दारात रांगोळी काढत होते, पाठ संपाकडे. सण होता म्हणून मोठी काढत बसले." मग "सरी, बरं, येते," म्हणून उठली. मला दिवसभर रडू येत राहिलं.

अक्का गेली ती साध्या तापाचं निमित्त होऊन. गल्लीत मयत झालं की रांगोळी कुणी काढत नाही. त्या सकाळी सगळी झाकणं कोरी होती, आणि नेमकं पाणी आलेलं. तिचे यजमान, आमचे अण्णा, कधी कुणाशी दोन शब्द न बोलणारे. ते तिच्या उशाशी बसून होते. मधेच उठले आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडले. तिरडी बांधणारे हातात सुतळी धरून तसेच थांबले. मी फाटकातून पाहिलं. अण्णा अनवाणी एकेका अंगणात शिरत होते आणि प्रत्येक झाकणावर टाच दाबून बघत होते.