भोंगवलीला गेलेली नोटीस

सोनबाला लोक हट्टी म्हणायचे. मी म्हणतो, हट्टी हा शब्द लहान पोरांसाठी राखून ठेवा. सोनबा जे काही होता त्याला शब्दच नाही. आणि माझी अख्खी हयात म्युनिसिपालटीच्या कचेरीत शब्द लिहिण्यात गेली आहे, तेव्हा या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये.

संस्थानी अमलातली गोष्ट आहे, छत्तीस-सदतीस सालची. सोनबा भोरच्या कोंडवाड्याचा राखणदार आणि मी त्या कोंडवाड्याचं बुक लिहिणारा कारकून. भाटघरच्या रस्त्याला चार दगडी भिंती, एक लाकडी दार आणि आत एक लिंबाचं झाड, एवढाच आमचा कोंडवाडा. मोकाट सुटलेलं, कुणाच्या पिकात शिरलेलं जनावर सोनबानं आणून आत घालायचं. मालकानं यायचं, दंड भरायचा, जनावर न्यायचं. आठ दिवसांत कुणी आलं नाही, तर नवव्या दिवशी लिलाव. शहाण्या माणसाला पुरे होईल असा हा कायदा.

पण सोनबानं त्यात स्वतःचं एक कलम घुसडलं होतं. एकदा डोंगरातल्या धनगरवाड्यावरच्या भागूबाईची शेळी कोंडवाड्यात आली आणि एक दलाल दंडाचे पैसे नाचवत ‘माझीच आहे’ म्हणून उभा राहिला. म्हातारी नुसती रडत होती. सोनबानं दोघांनाही भिंतीबाहेर उभं केलं आणि म्हणाला, “तोंड दावायचं न्हाई. हितनंच हाक मारा.” दलालानं घसा बसेपर्यंत हाका मारल्या, शेळी आपली पाला खात बसली. म्हातारीनं जिभेनं एकदाच ‘टर्र’ केलं, तर शेळी पुढचे दोन पाय भिंतीला लावून उभी राहिली आणि ओरडायला लागली. त्या दिवसापासून नियमच झाला. आधी बाहेरून हाक, जनावरानं ओ दिली की मग दार. कचेरीतल्या साहेबांनाही हे पसंत पडलं, कारण तंटे मिटले. मला मात्र एकेक माणूस पाव पाव तास ओरडताना ऐकावं लागायचं, कारण कचेरीची खिडकी त्याच बाजूला. रेड्याला हाका मारणाऱ्या माणसाशेजारी बसून कुणी सुबक अक्षर काढून दाखवावं!

या नियमातून सोनबानं कुणालाच सोडलं नाही. खुद्द मेव्हण्यालाही नाही. आणि तिथंच सगळं रामायण झालं.

सोनबाची बायको साळूबाई, माहेर भोंगवलीचं. मूलबाळ नाही. एक म्हैस होती, रेशमी नावाची, तिच्यावर साळूबाईचा भारी जीव. त्या वर्षी भाऊबीजेला तिचा भाऊ गेनबा नवी बैलजोडी जुंपून थाटात आला. दारात बैल सोडले, गाडीच्या चाकाला बांधले, पाय धुतले, पाटावर बसला. साळूबाईनं निरांजन लावलं, तबक उचललं. तेवढ्यात बाहेर बैलांनी दावी सोडवली आणि समोरच्या दवाखान्याच्या आवारात झेंडू चरायला गेले.

दुसरा कुणी असता तर बैल हुसकून परत आणले असते. सोनबा उठला, पागोटं घातलं आणि दोन्ही बैल घेऊन सरळ कोंडवाड्याकडे निघाला. साळूबाईचं तबक हातातच राहिलं. आणि तिकडे गेनबा भाऊबीजेचं मुंडासं बांधून, कपाळाला कुंकू अर्धं लागलेलं, कोंडवाड्याच्या भिंतीबाहेर उभा राहून बैलांना हाका मारतोय! सणाचा दिवस, रस्त्यानं माणसं चाललेली, जो तो थांबून बघतोय. मी खिडकीत होतो. हसू आवरेना, आणि लाजही वाटली.

बैल सुटले. गेनबा बिचारा दंड भरून गाडी जुंपायला लागला. बोलली साळूबाई. “नियम हाय ना तुमचा? मग नियमासंगंच संसार करा. त्येलाच सांगा भाकरी थापाया.” आणि भावाच्या गाडीत बसून भोंगवलीला निघून गेली. रागाच्या भरात गोठ्यात रेशमीकडे बघायलाही गेली नाही. गेली असती तर पायच निघाला नसता, असं नंतर ती स्वतःच म्हणाली.

“जा जा,” सोनबा म्हणाला. “दोन दिसांत येशील.”

दोन दिवस गेले. साळूबाई काही आली नाही. तिसऱ्या दिवशी रेशमीनंच दावं तोडलं. दहाव्या महिन्याची गाभण म्हैस, तिला धावायचं कारण नव्हतं. पण ती बरोबर गाडी गेली त्याच रस्त्याला लागली होती, असं बघणारे सांगत. वाटेत मामलेदारसाहेबांची बाग लागली. बागेत कोबी होता. रेशमीनं साळूबाईला शोधायचं काम तिथं थोडा वेळ तहकूब केलं.

सोनबानं स्वतःच्या हातानं तिला कोंडवाड्यात आणलं. मी बुक उघडलं. “म्हैस एक,” मी म्हणालो, “मालक सोनबा. दंड भर आणि घेऊन जा, उगाच तमाशा नको.”

“भाऊसाहेब, नियम कुनाला सुटत न्हाई.” असं म्हणून तो पठ्ठ्या बाहेर गेला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हाक मारली, “रेशमेऽऽ!”

आतून काही नाही.

तोवर पंधरावीस माणसं जमली होती. ज्यांनी ज्यांनी त्या भिंतीबाहेर घसे फोडले होते ते सगळे कामं टाकून आले. “आरं, गोड बोल की तिच्याशी!” “नाव चुकलं असंल!” सोनबानं पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. मी खिडकीतून आत डोकावलो. रेशमी आमच्याकडे पाठ करून उभी होती आणि शेपटीनं माश्या वारत होती. चारा घालणारी, पाणी दाखवणारी, कानामागं खाजवणारी बाई वेगळी. या माणसाचा आवाज ऐकून तिनं मान तरी का वळवावी?

संध्याकाळपर्यंत सोनबाचा आवाज बसला. मी म्हणालो, “अरे शहाण्या, तुझीच म्हैस आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी लिहून टाकतो, ओ दिली म्हणून.” तर माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर! “पंधरा वर्सं लोकान्ला उनात उभं केलं म्या,” म्हणाला. “आता सोताच्या म्हशीपाई खोटं लिवायचं?” डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला. त्याचं नाही, माझंच.

आता पंचाईत अशी की नवव्या दिवशी लिलाव. चौकातल्या हॉटेलवाल्या आनंदरावाला तर उकळ्याच फुटल्या. रोज सकाळी येऊन भिंतीवरून रेशमीला न्याहाळायचा आणि जाताना मोठ्यानं म्हणायचा, “महिनाभरात व्याईल. चहाला घरचं दूध होईल.” सोनबा ऐकायचा आणि झाडू मारत राहायचा. लिलावात सोनबानंच बोली का लावू नये म्हणाल, तर राखणदाराला लिलावात बोली लावायची बंदी. हा नियम मात्र खरोखरच कायद्यात होता.

“भोंगवलीला जा,” मी सांगितलं. “पाय धर बायकोचे.”

“म्या कशापाई जाऊ? ती गेली, ती यील.”

पाचव्या दिवशी दुपारी मी डबा सोडून बसलो होतो, तर हा दारात येऊन उभा. गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली. पागोट्याचा पदर चाळवत उभा राहिला. मग म्हणाला, “भाऊसाहेब, जनावराच्या मालकाचा ठिकाणा ठावं असंल तर लिलावाआदी नोटीस धाडायचा नियम हाय न्हवं?”

“आहे.”

“मंग धाडा की.”

“कुणाला? मालक तर तू.”

“म्हैस मला ओ देत न्हाई. म्हंजी मालक म्या न्हाई.” मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर काहीही नव्हतं. “लिवा. साळूबाई. मुक्काम भोंगवली.”

मी घास खाली ठेवला. हात पुसले आणि चांगला कागद काढला. ‘आपले मालकीची म्हैस एक, रंग काळा, शिंगे वळीव, कोंडवाड्यात दाखल असून अमुक तारखेचे आत सोडवून न नेल्यास लिलाव करणेत येईल.’ मोठ्यानं वाचून दाखवलं. सोनबानं मान हलवली, पण जागचा हलला नाही.

“आनिक एक वळ घाला.”

“बोल.”

“जनावर चारा खात न्हाई.”

मी खिडकीतून बघितलं. रेशमीनं सकाळची पेंढी फस्त करून लिंबाच्या सावलीत बैठक मारली होती आणि डोळे मिटून रवंथ चाललं होतं. मग सोनबाकडे बघितलं. त्याच्या घरची चूल भाऊबीजेपासून पेटली नव्हती, हे शेजारच्या बायकांनी सांगितलंच होतं. सरकारी कागदावर मी जन्मात खोटं लिहिलेलं नाही. तेव्हाही लिहिलं नाही. ‘जनावर चारा खात नाही’ असं ठळक अक्षरात लिहिलं, शिक्का मारला आणि पट्टेवाल्याच्या हाती दिलं.

सहावा दिवस गेला, सातवाही गेला. आठव्या दिवशी उन्हं उतरली तरी भोंगवलीचा रस्ता मोकळाच. आनंदरावानं तर लिलावाच्या आदल्या दिवशीच नवं दावं विकत आणून भिंतीवर टाकून ठेवलं. मला त्याचा इतका संताप आला की महिनाभर त्याच्याकडचा चहा सोडला.

मी बुक मिटणार, तेवढ्यात गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. गेनबाची गाडी! गेनबा दोन्ही कासरे मुठीत गच्च धरून बसला होता आणि कोंडवाड्याच्या दारासमोर यायचं नावच घेईना. शेवटी साळूबाई लांबच उतरली आणि पदर खोचून तरातरा आली. सोनबा दाराशी किल्ली घेऊन उभा होता. त्याच्याकडे तिनं बघितलंदेखील नाही. भिंतीबाहेर उभी राहिली आणि अगदी हळू, घरात बोलावं तशी म्हणाली, “आलेऽ गं बाय.”

रेशमी अशी रेकली म्हणता की लिंबावरचे कावळे उडाले!

दंड भरला, दार उघडलं. साळूबाई आत गेली, म्हशीच्या पाठीवरून, पोटावरून हात फिरवला आणि थबकली. “भाऊसाहेब, नोटिसीत तर लिवलंय, जनावर चारा खात न्हाई. ही तर गुबगुबीत झालीया!”

मी नुसती मान वळवून सोनबाकडे बघितलं. तिनंही बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. आत गेलेली गालफडं बघितली, मळका सदरा बघितला. तिच्या तोंडावरचा राग हलला, पण गेला नाही.

“माझ्या भावाची बैलं,” ती म्हणाली.

“चुकलं,” सोनबा म्हणाला. हा शब्द मी पंधरा वर्षांत त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. “फुडल्या भाऊबीजंला ववाळून हुईस्तवर त्येची बैलं म्या सोता धरून बसंन.”

ती रेशमीचं दावं धरून बाहेर पडली आणि गाडीच्या दिशेला वळली. भोंगवलीच्या दिशेला! सोनबा होता तिथंच, हातात किल्ली. धावत जाऊन आडवं व्हायचं, हात धरायचा, काहीतरी करायचं की नाही? दगड नुसता! वीसेक पावलं गेल्यावर ती थांबली. मागं वळली नाही. पाठमोरीच, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी तिनं हाक मारली.

“अवोऽऽ!”

“ओ!” सोनबा असा ओरडला की त्याचा बसलेला आवाज पुन्हा फुटला. आणि निघालाच तिच्यामागं, एक वहाण पायात, एक कोंडवाड्याच्या दारात. ती म्हशीला घेऊन गाडीला वळसा घालून घराकडच्या बोळात शिरली होती. गेनबा गाडीवरून टकमक बघत बसला.

दार उघडंच राहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुलूप लावायचं राहिलं आणि आतली दोन गाढवं सावकाश चालत नदीकडे निघून गेली. कुणाची होती, कोण जाणे. मी बुक पुढं ओढलं, ‘हाकेला ओ दिली, मालकाच्या ताब्यात दिले’ एवढंच लिहिलं, आणि गाढवांचं लिहिलं नाही.