डॉक्टरीणबाईंचं दाभण

आमच्या डॉक्टरीणबाईंच्या घरी छत्री घेऊन गेलेला माणूस धड छत्री घेऊन परत आला, असं नगरच्या इतिहासात अजून घडलेलं नाही. बाई चोर नाहीत. छत्री त्या आठवणीने परत करतात, नीट घडी घालून, वर रबरबँड लावून. फक्त आतल्या काड्या काढून घेतलेल्या असतात. माझ्या छत्रीचं असं झालं तेव्हा मी ती भर बाजारात उघडायला गेलो आणि सगळं काळं कापड माझ्या डोक्यावर येऊन बसलं. घरी आल्यावर फोन केला तर म्हणाल्या, "अहो, त्या काड्या इतक्या सुरेख लवतात, मला राहवेना. आणि आपल्या नगरला असा किती पाऊस पडतो?" एकट्या छत्रीवर त्यांचा राग आहे असं नाही. विणायच्या सुया, पुरणयंत्राचा दांडा, पडद्याच्या कड्या, सायकलचे स्पोक, अशी कुठलीही वस्तू दिसली की ही वाकवून, घासून बायकांच्या ऑपरेशनला वापरता येईल का, एवढा एकच विचार त्यांच्या मनात येतो. आमच्या घरच्या सत्यनारायणाला तीर्थ घेताना त्यांना पळीचा बाक आवडला. त्यांनी ती भटजींच्या हातातून काढून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून इतका वेळ न्याहाळली की मागची रांग जिन्यापर्यंत गेली. भटजी शेवटी म्हणाले, "बाई, आधी तीर्थ घ्या, मग पळी घ्या." बाईंनी दोन्ही घेतलं.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या दोन्ही मुलांच्या जन्मापासून. सावेडीत त्यांचा छोटा प्रसूतिगृहवजा दवाखाना होता. पुढे वयोमानाने त्यांनी बाळंतपणं घेणं थांबवलं. आता या बाई विश्रांती घेतील, चारधाम करतील, असं सगळ्यांना वाटलं. त्याऐवजी त्या एके दिवशी एमआयडीसीत माझ्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पंपांचे शाफ्ट बनवतो. तीन लेथ, चार कामगार, आणि दारात एक कडुनिंब, एवढा माझा पसारा. बाईंनी पर्समधून गोणी शिवायचं दाभण काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मला स्टेनलेसमध्ये करून द्या. मागे मूठ हवी आणि टोकाशी दोरा सोडायला खिटी."

"बाई, मी शाफ्ट करतो," मी म्हणालो.

"तुमची दोन मुलं मी सुखरूप बाहेर काढली," त्या म्हणाल्या, "तुमच्याच्याने एक दाभण निघत नाही?"

मी माप घ्यायला व्हर्निअर काढला.

दाभण कशासाठी हवं, हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं, तेही आवाज खाली आणून. बाईंना आवाज खाली आणणं ठाऊक नाही. त्यांनी शाफ्टचं ड्रॉइंग चिकटवलेल्या भिंतीवर खडूने बाईमाणसाचं पोट, कंबरेची हाडं आणि गर्भाशयाची पिशवी अशी ऐसपैस काढली आणि लेथच्या आवाजाच्या वर आवाज चढवून चारही कामगारांना सांगायला सुरुवात केली. जड ओझी उचलून, बाळंतपणांमागून बाळंतपणं होऊन आतला आधार ढिला पडतो आणि पिशवी खाली सरकते. खेड्यात त्याला अंग बाहेर येणं म्हणतात. बाया चिंध्यांची घडी बांधून वर्षानुवर्षं काढतात आणि कुणाला सांगत नाहीत. आणि सांगितलंच, तर कुणीतरी पिशवीच काढून टाकतं, अगदी तरण्या बाईचीसुद्धा. खरं तर आत खोलवर एक चिवट पट्टी असते, तिला दोन टाके घालून पिशवी वर बांधता येते. अडचण एवढीच की ती पट्टी डोळ्यांना दिसत नाही. बोटाने चाचपून टाका घालावा लागतो, आणि हे ज्यांना जमतं असे हात थोडे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या कुठल्याही डॉक्टरला जमेल असं हत्यार त्यांना हवं होतं. मी तेवढा वेळ कडुनिंबाकडे बघत होतो. आमचा सर्वांत जुना टर्नर चहाच्या निमित्ताने बाहेर निघून गेला. चार दिवसांनी तोच टर्नर बाईंच्या स्कूटरपाशी घुटमळताना दिसला. "आमच्या घरातल्यांना बी तसंच हुतंय," तो म्हणत होता, "लई वर्सं झाली. बोलायचं कुनाशी?" बाईंनी तिथेच, स्कूटरवर बसल्या बसल्या, त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. त्यानंतर वर्कशॉपमध्ये कुणी त्या भिंतीवर पाण्याचा फडका फिरवू दिला नाही.

दाभणाची कल्पना त्यांना मार्केटयार्डात सुचली होती. तिथे कांद्याच्या गोण्या शिवणारा एक हमाल गप्पा मारत, दुसरीकडे बघत, फटाफट टाके घालत होता. बाई पिशवीभर कांदे घ्यायला गेल्या होत्या. त्या सकाळभर तिथेच बसल्या आणि गोणी शिवायला शिकल्या. त्यांनी शिवलेल्या पहिल्या गोणीतून निम्मे कांदे रस्त्यावर गेले. हमालाने विचारलं, "बाई, तुमचा कांदा कोनत्या गाळ्यावर हाय?" त्या म्हणाल्या, "माझा कांदा नाही. तुम्ही न बघता कसं शिवता ते बघतेय." तो म्हणाला, "बघायचं काय त्यात? बोट सांगतंय की." हे वाक्य बाईंनी दवाखान्याच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

पहिलं दाभण मी केलं ते त्यांनी दोन मिनिटांत नापास केलं. दुसरं वाकलं. तिसऱ्याची खिटी अडकायची. चौथं मला फार आवडलं होतं, पण बाई म्हणाल्या की हे भिंतीवर शोभेसाठी लावा. सराव करायला त्या खाटकाकडून बकऱ्याचे अवयव आणायच्या. घरात कांदालसूणसुद्धा चातुर्मासात बंद, आणि बाई पदर खोचून खाटकाला सांगतायत, "तो नको, आतला द्या, पट्टीसकट." तो खाटक आता शरीरशास्त्रात इतका पुढे गेलाय की गिऱ्हाइकांना मटण कमी आणि माहिती जास्त देतो. ते माणसावर वापरायला पुण्याच्या कुठल्याशा समितीकडून परवानगी आणायला मात्र दाभणापेक्षा जास्त वेळ लागला. समितीने एवढे कागद मागितले की बाई म्हणाल्या, "या कागदांच्या गठ्ठ्यालाच टाका घालून बघतील बहुतेक."

एवढं होऊनही बाईंचं समाधान नव्हतं. ओझं उचलताना आत नेमका ताण कुठे पडतो, ते पुस्तकात बघून कळत नाही म्हणाल्या. म्हणून एका सकाळी आम्ही राहुरीकडच्या एका उसाच्या फडात गेलो. पाथर्डीकडची टोळी तोडणीला आली होती. बाईंनी साडीचा काचा मारला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाल्या, "द्या मोळी." वय सदुसष्ट. मी हातापाया पडलो. बायकांनी दया येऊन अर्धीच मोळी ठेवली, तरी बाई डुलत डुलत ट्रॉलीला लावलेल्या फळीपर्यंत गेल्या, फळीवर तीन पावलं चढल्या, आणि तिथे मध्येच थांबून ओरडल्या, "इथे. इथे पडतो ताण. जमिनीवर नाही, चढताना." त्यांना शोध लागला होता, मला घाम फुटला होता आणि अख्खी टोळी कोयते टाकून हसत होती. खाली उतरवलं ते टोळीतल्या सुभद्राने. अठ्ठावीस वर्षांची, दोन लेकरांची आई, काटक. ती हसत नव्हती. बाईंना उसाच्या आडोशाला नेऊन तिने सांगितलं ते बाईंनी परतीच्या वाटेवर मला सांगितलं. तिचं अंग दोन हंगाम बाहेर येत होतं.

"समदे म्हनत्यात पिशवी काढ," ती म्हणाली होती. "माझ्या थोरल्या बहिनीची काढली. तिला आता भरली घागर उचलवत न्हाई. मला न्हाई काढायची, बाई. आन् कोयता बी सोडता येत न्हाई."

कोयता म्हणजे टोळीत नवराबायकोची जोडी. बायको घरी बसली की जोडी मोडते आणि नवऱ्यालाही कुणी नेत नाही. म्हणजे सुभद्राचा टाका नुसता लागून भागणार नव्हतं, तो पुढच्या हंगामात फळीवर टिकायला हवा होता. सांगून झाल्यावर बाईंनी पर्समधून दाभण काढलं आणि घर येईपर्यंत ते बोटांत फिरवत राहिल्या.

त्यानंतर दाभणांचा वेग वाढला, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. दर नव्या दाभणाची मूठ बाई आधीच्यापेक्षा जाड सांगायच्या. बारा मिलिमीटरची सोळा झाली, सोळाची बावीस. वजन वाढवा म्हणाल्या, मुठीवरच्या खाचा, म्हणजे नर्लिंग, खरखरीत करा म्हणाल्या. "तरुण डॉक्टरांना पकड चांगली लागते," हे कारण. मी मान डोलावली. पण पूर्वी त्या भिंतीवर हाताने सरळ रेघ मारायच्या, आता पट्टी मागायच्या. वर्कशॉपमधला चहा त्यांनी सोडला होता; कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून, हे मला उशिरा कळलं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत त्यांचे हात कापायचे, तेव्हा त्यांच्या चमच्याला मीच अशी जाड मूठ बसवली होती. मला सगळं समजलं. बाईंशी भांडायची मला हिंमत होती, हे बोलायची नव्हती.

अकरावं दाभण श्रावणात तयार झालं. तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, बाई करणार आणि तिथली एक तरुण डॉक्टर मदतीला. मी बाहेर बाकावर बसलो होतो, पिशवीत एक जादा खिटी, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन, जणू आतून हाक आली असती तर मी कानस घेऊन धावलोच असतो. शेजारी सुभद्राचा नवरा बसला होता. त्याने विचारलं, "तुमी कोन? डॉक्टर?" मी म्हणालो, "नाही, मी दाभणवाला." त्याने आदराने सरकून जागा दिली.

परत येताना गाडीत बाईंनीच सांगितलं. "हात धुतले. दाभण हातात घेतलं. सुभद्रा माझ्याकडे बघत होती. मग मी ते त्या डॉक्टर पोरीला दिलं आणि तिच्या मागे उभी राहिले." पुढे म्हणाल्या, "छान घातले तिने टाके. न बघता. एवढंच म्हणाली, मॅडम, मूठ जरा जाड आहे." मी रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत राहिलो. मला फार वाईट वाटत होतं आणि बाईंचा फार अभिमान वाटत होता, आणि दोन्हीचं काय करावं ते कळत नव्हतं.

सुभद्राने दिवाळीपर्यंत ओझं उचललं नाही, असं तिची सासू शपथेवर सांगते. दिवाळीनंतर टोळी कर्नाटकाकडे गेली. तिचा फोन बंद. ते सहा महिने बाईंनी आम्हाला छळलं. उसाची ट्रॉली दिसली की स्कूटर थांबवून ड्रायव्हरला विचारायच्या, पाथर्डीची टोळी भेटली का. माझ्या बायकोने त्यांच्यासाठी उपास धरला, तर तिला म्हणाल्या, "उपासाने टाका टिकत नाही. पण धर, धर."

चैत्र संपता संपता सुभद्रा आली. तालुक्याला त्या तरुण डॉक्टरने तिला तपासलं होतं, तरी बाईंना स्वतः सांगायचं म्हणून नवऱ्यासोबत एसटीने नगरला आली आणि पत्ता विचारत वर्कशॉपवर पोचली, कारण बाई तिथेच असणार हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. हातात पाच उसांची मोळी. ती तिने खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुरा हंगाम फळी चढले, बाई. काईच आलं न्हाई." मग पहिल्यांदा हसली. "तुमी तीन पावलंच चढल्या हुत्या. मी रोजच्या रोज मोजायचे, आन् तुमचं नाव काढायचे." जुन्या टर्नरने लेथ बंद केला.

ती गेल्यावर बाईंनी ऊस सगळ्यांना वाटून दिला. चहा मागवला तर नाही म्हणाल्या नाहीत. कप दोन्ही हातांनी धरला, बशी वाजली ती वाजू दिली. मग पर्समधून अकरावं दाभण काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"आणखी सहा करा," त्या म्हणाल्या. "तालुक्याच्या पोरींना द्यायचीत. मूठ बारा मिलिमीटर ठेवा. त्यांचे हात चांगले आहेत."

"आणि हे?" मी विचारलं.

"हे तुमच्याकडे राहू द्या. माझ्याच मापाचं होतं ते."

जाताना माझी तीच बिनकाड्यांची छत्री परत दिली; मध्यंतरी ती त्या पुन्हा घेऊन गेल्या होत्या. घरी येऊन उघडली तर काड्या नव्या होत्या, आणि प्रत्येक काडीचा जोड दोऱ्याने बांधलेला. टाके थोडे वाकडे होते, पण अजून एकही सुटलेला नाही.