अंदमानला जायचा महिना

माझ्या साडूइतकं मन लावून घाबरणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये दुसरा नसेल. तुम्हीआम्ही प्रसंग आला की घाबरतो, तो आधीपासून तयारी करून घाबरतो. राहतो डब्लिनजवळ डून लेरीला, थेट समुद्रासमोर, तेही मेव्हणीचा खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यावर जीव जडला म्हणून. ऑफिसला जाताना डार्टमध्ये, म्हणजे किनाऱ्याने जाणाऱ्या लोकलमध्ये, तो हटकून पाण्याच्या विरुद्ध बाजूची जागा धरतो. आणि अशा या माणसाने सात वर्षांपूर्वी एका दिवाळीत, जेवण अंगावर आलेलं असताना, आमच्या सासऱ्यांना शब्द देऊन टाकला, "अण्णा, तुम्हाला अंदमानला नेतो. भर समुद्रात मोठ्ठा मासा पकडायला." अण्णा रत्नागिरीचे. जन्मभर पोस्टात नोकरी आणि रविवारी खाडीवर गळ. बोटीतून खोल पाण्यात जाऊन, माणसाला ओढेल असा मासा एकदा तरी गळाला लावायचा, एवढी एकच हौस राहून गेलेली. त्यांनी ते मनावर घेतलं.

झालं, तेव्हापासून साडू महिना शोधतोय. लॅपटॉपवर बारा महिन्यांचे बारा रकाने आणि प्रत्येकात एकेक भीती. जून ते सप्टेंबर पाऊस, समुद्र खवळलेला. ऑक्टोबर ते डिसेंबर वादळं, मे महिन्यात पुन्हा वादळं. एप्रिलच्या उन्हात अण्णांना चक्कर येईल. जानेवारीत इकडे डब्लिनलाच वाऱ्याने विमान रद्द झालं तर? मार्चमध्ये मुलीची परीक्षा. राहता राहिला फेब्रुवारी. पण तिथल्या बोटवाल्याने फोनवर सांगितलं की मोठा मासा लागतो तो अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याला ओढ असते तेव्हा. अण्णा अमावस्येला प्रवास करत नाहीत आणि पौर्णिमेला घरी सत्यनारायण. मग साडूने एका हाताला भरती-ओहोटीचा तक्ता आणि दुसऱ्या हाताला पंचांग घेऊन चार शनिवार काढले. निष्कर्ष असा निघाला की मासा असतो तेव्हा अण्णा नाहीत आणि अण्णा असतात तेव्हा मासा नाही. शिवाय तिकडे पकडलेला मासा परत सोडून द्यावा लागतो, हे अण्णांना सांगायची भीती निराळीच!

तयारीत मात्र कसूर नाही. प्रेसमध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत स्वयंपाकघरातल्या कपाटात, कपबशांच्या खालच्या फळीवर चार लाइफ जॅकेटं आहेत. त्यातलं एक घालून तो बातम्या बघतो, सवय व्हावी म्हणून. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी त्याने एकदा आमच्या घरी सिटीवेस्टला येताना लुआस ट्राममध्ये घेऊन पाहिली. आम्ही जेवायला थांबलेलो आणि हा गाढ झोपेत शेवटच्या स्टॉपवर. ड्रायव्हरने उठवलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "किनारा आला का?" त्याची मुलगी हे ऐकून म्हणाली, "डॅड, यू आर द क्रॅक!" क्रॅक म्हणजे इकडे धमाल, त्यामुळे त्याला ते कौतुक वाटलं.

या ऑगस्टमध्ये अण्णा इकडे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण उतरल्या उतरल्या धक्क्यावर बांगडे लागतात का याची चौकशी. आम्ही तिघे गेलो. साडू मागून त्यांच्या जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभा. शेजारी गळ टाकून बसलेला आयरिश म्हातारा हसून म्हणाला, "ही इज ग्रँड, लीव्ह हिम ॲट इट!" म्हणजे ठीक आहेत ते, करू दे त्यांना. साडूने पट्टा आणखी घट्ट धरला.

आणि गळ ओढला गेला. बांगडाच तो, वीतभर. अण्णांनी रीळ फिरवायला घेतलं आणि त्यांचा हात थरथरायला लागला. साधा नव्हे, कोपरापासून. दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा बोटं सुटली. त्यांनी काठी साडूच्या हातात दिली आणि स्वतःचा हात खिशात घातला. बांगडा साडूने वर काढला. अण्णा "छान आहे" म्हणाले. बांगड्याकडे बघितलं मात्र नाही.

अण्णा थोडे पुढे चालत होते तेव्हा साडू मला म्हणाला, "अरे, मी वादळ लिहिलं, ऊन लिहिलं, शार्कसुद्धा लिहिला. हे कसं नाही सुचलं रे मला?" त्याचा चेहरा असा पांढरा पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. खरं सांगतो, मीही हादरलो. सात वर्षं त्याची टिंगल करत होतो, पण अण्णांचं वय मीही कधी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याने सगळ्यांसमोर फेब्रुवारीची तिकिटं काढली. मग अण्णांना म्हणाला, "अण्णा, अमावस्या येतेय मध्ये. आणि मासा परत सोडावा लागतो."

अण्णांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "असू दे हो. सोडू की. तुम्ही दोघं याल ना, धरायला?"

"येणार ना, अण्णा," मी म्हणालो, आणि तेही जरा मोठ्यानेच.

साडूने लॅपटॉपवरचा तो बारा रकान्यांचा तक्ता तेव्हापासून उघडलेला नाही. वाऱ्याबद्दल बोलत नाही, पाण्याबद्दल बोलत नाही. अण्णा परत गेल्यापासून फक्त रोज संध्याकाळी रत्नागिरीला फोन करून विचारतो, "अण्णा, जेवलात का नीट?" आणि मग मला फोन करून सांगतो की जेवले. फेब्रुवारीला अजून पाच महिने आहेत. मला भीती वाटते.