नावेतला फ्यूज मी टाकला नव्हता

मंडळी, दुपारी दुसरबीडकडच्या धरणावरून परतलो, आणि थेट हे लिहायला बसलो.

तिथं कमलमावशी नावेतून माणसं पलीकडे नेतात. त्यांच्या नावेला बॅटरीची मोटर आणि सोलर पॅनल मीच बसवलं होतं. आज भर पाण्यात वायर पेटली. नावेत सात बाया होत्या. मावशींनी उघड्या हातानं वायर उपटली, म्हणून सगळ्या वाचल्या.

निरोप मिळताच मी तिथं गेलो. पाहिलं तर वायर फळीला घासून सोलली होती, आणि मी फ्यूजच टाकला नव्हता.

"मावशी, चूक माही हाय."

भाजलेला तळहात ओल्या फडक्यात धरून त्या म्हणाल्या, "समजलं मले. आता नीट करून दे. बाया पलीकडं वाट पाहून राह्यल्या."

फ्यूज टाकला, वायर बदलली. पहिल्या खेपेला मी स्वतः बसलो.

तुमच्या कामातली अशी चूक तुम्ही कुणाला सांगितली आहे का?