पाचट सरांची निळी ज्योत

पाचट सरांच्या हातांना कायम शिळ्या लोण्याचा वास यायचा. साबण लावा, राख लावा, जायचाच नाही. वर्गात शिरले की पहिल्या बाकावरच्या मुली पदर नाकाला लावायच्या. सरांना त्याचं काही नाही. म्हणायचे, "वास येतोय म्हणजे मंडळी कामावर आहेत." मंडळी म्हणजे निफाडकडच्या उसाच्या रानातल्या मातीतून काढलेले जिवाणू. पेट्रोलचे भाव भडकलेले ते दिवस. नाशिकच्या आमच्या कॉलेजात हे जिवाणू उसाच्या पाचटापासून, म्हणजे तोडणीनंतर उरलेल्या वाळक्या पाल्यापासून, जळणाचं तेल करणार होते, आणि मी सरांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते.

पाचटाचा भारा सर स्वतः एसटीने आणायचे, म्हणून ते पाचट सर. एकदा मी सोबत होते. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, ह्या कचऱ्याचं बी तिकीट काढा."
"कचरा नव्हे, उद्याचं पेट्रोल आहे."
"मग तर गाडीत नेताच येत नाय."
नाशिकचा सीबीएस स्टँड येईपर्यंत सर हसत होते.

पाचट सौम्य आम्लात शिजवून त्याचं गोड पाणी करायचं, उकळून त्यातली हवा घालवायची आणि मग ते मंडळींना द्यायचं. हवा लागली की मंडळी रुसायची. सकाळी आल्या आल्या सर विचारायचे, "मंदा, मंडळी जेवली?" मी जेवले का, हे तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. मलाही ते कधी खटकलं नाही. दिवाळीतही मी घरचा फराळ टाकून मंडळींना जेवू घालायला जायची.

तिसऱ्या वर्षी ऊर्ध्वपातन करून वाटीभर तेल निघालं. दिव्यात घातलं तर पिवळीधमक ज्योत, वर काजळी. सरांनी ती काजळी बोटावर घेऊन मंडळींच्या बरणीला तीट लावली. "दृष्ट नको लागायला," म्हणाले.

मग कामाला पैसे द्यायचे की नाही ते ठरवायला मुंबईहून पाहुणे आले. दिवा पेटला तर काम पुढे चालणार, नाहीतर बंद. सकाळीच मी ताज्या तेलाची बाटली सरांच्या हातात दिली होती. दिवा पेटला, टाळ्या पडल्या. मी मात्र बघतच राहिले. ज्योत निळी होती. काजळीचा पत्ता नाही. तशी ज्योत आमच्या स्पिरिटच्या दिव्याची असते. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "सर, आपलं तेल कुठंय?"
त्यांनी ड्रॉवर उघडला. बाटली भरलेलीच होती. "ऐन वेळी नसतं पेटलं तर, मंदा?"
मी ते दिव्यात ओतलं, काडी लावली. पिवळी ज्योत, वर काजळी.
"पेटलं की," सर हळूच म्हणाले.
"पेटणारच होतं. तुम्हालाच खात्री नव्हती."

पाहुण्यांना फसवलं, ते एक वेळ सोडा. तीन वर्षं ज्यांना जेवू घातलं त्यांच्यावर, आणि जेवू घालणारीवर, ऐन दिवशी या माणसाचा विश्वास नव्हता. ते मला आजही सोसत नाही.

काम मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखे आले. "मंदा, मंडळी जेवली?"
"आता तुम्हीच वाढा," मी म्हणाले आणि प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवून कायमची निघाले.

माझ्याही हातांना तो वास महिनाभर येत होता. घालवायचा मी काही प्रयत्न केला नाही. एका सकाळी हात नाकाशी नेला तर वास नव्हता, आणि तेव्हा मात्र मी रडले.